बोटीवरचे आरोग्य
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनी कोणी गाणे म्हणते, कोणी नाट्यप्रवेश करते. मला चिटणीसबाईंनी सांगितले, "तुम्ही बोटीवरच्या आरोग्यावर बोला." मी काही डॉक्टर नव्हे. सातवीपर्यंत शिकलेली, चार माणसांचा संसार करणारी बाई मी. परंतु येत्या जानेवारीत आपल्या मंडळाच्या तीस जणी मुंबईहून बोटीने गोव्याला निघाल्या आहेत. त्यांतली सर्वांत लहान अडतीस वर्षांची आहे नि सर्वांत मोठी एक्काहत्तर वर्षांची. सहा जणींना मधुमेह आहे, दहा-बारा जणींना रक्तदाबाची गोळी आहे. गेल्या वर्षी मी आमच्या वन्संबरोबर असा प्रवास करून आले. शिवाय माझ्या बहिणीचा मुलगा सहा वर्षे एका परदेशी प्रवासी बोटीवर जेवणघरात नोकरीला आहे. आमच्या कुटुंबाच्या डॉक्टरीणबाईंनाही मी पुष्कळ गोष्टी विचारून घेतल्या. त्या पुंजीवर हे दोन शब्द सांगते.

बोटीचा प्रवास आपल्याला नवा नाही. आपले कल्याण हे जुने बंदर. दुर्गाडीच्या पायथ्याशी खाडीत छत्रपती शिवाजी महाराजांनी आरमाराची जहाजे बांधविली, हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. याच कल्याणात वाढलेल्या आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीत बसल्या. वय अवघे अठरा. सोबत घरचे कोणी नाही. बायकांना बाई डॉक्टर हवी, एवढ्या एका ध्यासाने त्या अमेरिकेला गेल्या, ११ मार्च १८८६ रोजी डॉक्टर झाल्या. पण क्षयाने पोखरलेले शरीर घेऊन परत आल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. ज्ञान मिळविले, पण प्रकृतीने साथ दिली नाही. म्हणून मला वाटते, प्रवासाच्या तयारीत साड्यांच्या आधी प्रकृतीचा विचार करावा.

माझी आई देवगडकडची. तिच्या लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून कोकणची आगबोट सुटत असे. बोट बंदरापासून लांब उभी राही, आणि पडावात बसून माणसे किनाऱ्याला येत. पावसाळ्यात बोटी बंद. आई म्हणे, "बोटीत बसले की निम्मी माणसे आडवी." याला आपल्याकडे बोट लागणे म्हणतात. गाडी लागते तशीच बोट लागते. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो. त्याला कळते की आपण हलतो आहोत. पण डोळ्यांसमोर खोलीच्या भिंती स्थिर दिसतात. कान एक सांगतो, डोळे दुसरेच सांगतात, आणि त्या भांडणात पोट बिघडते. एवढे समजले की उपायही समजतो. खोलीत पडून राहू नये. वर मोकळ्या हवेत यावे आणि दूर, जिथे आकाश समुद्राला टेकते तिथे नजर ठेवावी. बोटीत बसून पुस्तक वाचू नये, मोबाईलकडे टक लावून पाहू नये. बोटीचा मधला भाग नि खालचा मजला कमी हलतो; खोल्या ठरवितानाच तशा मागाव्यात. गेल्या वर्षी आमची खोली अगदी पुढच्या टोकाला होती. पहिली रात्र वन्संनी उशाशी पिशवी घेऊन काढली; दुसऱ्या दिवशी मधल्या भागात वाऱ्यावर बसविले, तेव्हा कुठे त्यांना चहा घ्यावासा वाटला.

रिकाम्या पोटी बसू नये, आणि तुडुंब जेवूनही बसू नये. कोरडी पोळी, बिस्किट, थोडा भात असे हलके खावे. आपली आलेपाकाची वडी जवळ ठेवावी. आल्याने पुष्कळांची मळमळ कमी होते. गोळीही मिळते, पण ती उलटी सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही, आधी घ्यावी लागते. तिने झोप येते, आणि काचबिंदू असणाऱ्या किंवा दुसरी औषधे चालू असणाऱ्या बाईला ती चालेलच असे नाही. म्हणून शेजारणीची गोळी आपण घेऊ नये. आपल्या डॉक्टरांना विचारून आपली आपण न्यावी.

बोट लागणे हे त्रासाचे असले तरी संसर्गाचे नाही. एकीची दुसरीला लागत नाही. खरी काळजी घ्यायची ती लागणाऱ्या आजारांची. मोठी बोट म्हणजे एक तरंगते गाव. दोन-तीन हजार माणसे एकाच स्वयंपाकघरातले जेवतात, एकाच जिन्याचा कठडा धरतात, एकाच उद्वाहनाचे बटण दाबतात. अशा ठिकाणी उलट्या-जुलाबांचा एक आजार झपाट्याने पसरतो. त्याच्या विषाणूला नोरोव्हायरस म्हणतात. अमेरिकेतील नॉरवॉक गावच्या एका शाळेत १९६८ साली मुले आजारी पडली, त्या गावावरून हे नाव आले. हा फक्त बोटीवरच होतो असे मात्र समजू नका. अमेरिकेत या आजाराच्या जेवढ्या साथी नोंदल्या जातात, त्यांत बोटीवरच्या शंभरात एखादीच असते. शाळा, वसतिगृहे, वृद्धाश्रम, लग्नाची जेवणे इथेही तो येतो. बोटीवर माणसे दाटीने असतात आणि उठून घरी जाता येत नाही, म्हणून तो तिथे अधिक जाचतो.

या विषाणूचे अगदी मोजके कण पोटात गेले तरी पुरे होतात. बारा ते अठ्ठेचाळीस तासांत उलट्या, जुलाब, पोटात कळा, कधी थोडा ताप. एक ते तीन दिवसांत बहुतेकांना बरे वाटते. वयस्कर माणसाला व लहान मुलाला मात्र अंगातले पाणी जाऊन धोका होतो.

आता एक गोष्ट नीट ध्यानात धरा. करोनाच्या दिवसांत आपल्याला हातावर सॅनिटायझर चोळण्याची सवय लागली. ती सवय वाईट नाही. पण या पोटाच्या विषाणूवर त्याचा भरवसा नाही. याला साबण आणि वाहते पाणीच हवे. हाताची पाठ, बोटांच्या बेचक्या, नखे, अंगठा, सगळे चोळून मनात वीस अंक मोजावेत, मग धुवावे. संडासाहून आल्यावर आणि जेवणापूर्वी हे चुकवू नये. जेवणघराच्या दाराशी सॅनिटायझर ठेवलेला असला तरी आधी नळाकडे जावे. आपण बायका स्वयंपाकाला लागताना हात धुतोच. तोच नेम सहलीतही ठेवावयाचा.

कोणी म्हणेल, मग कठड्याला हात लावूच नये का? असे मुळीच करू नका. बोट हलते, डेक ओला असतो. कठडा सोडून चालणे म्हणजे हाड मोडून घेणे. कठडा धरावा आणि नंतर हात धुवावेत. पायांत रबरी तळव्याची, मागे पट्टा असलेली चप्पल घालावी. नव्या गुळगुळीत सपाता घरीच ठेवाव्यात.

जेवणाचे पाहू. बोटीवर पदार्थांची रांग मांडलेली असते. पैसे आधीच भरलेले, म्हणून सगळे खाल्लेच पाहिजे असे वाटते. अति तेथे माती, हे विसरू नये. गरम असेल ते गरम, थंड असेल ते थंडगार घ्यावे. कोमट झालेला, बराच वेळ उघडा राहिलेला पदार्थ टाळावा. वाढून घेण्याचा डाव पुष्कळांच्या हातांतून गेलेला असतो, म्हणून वाढून झाल्यावर हाताने घास घेण्यापूर्वी पुन्हा हात धुवावेत, नाहीतर चमच्याने खावे. गोव्यात उतरल्यावर रस्त्यावरची चिरलेली फळे व बर्फाचे सरबत नको; शहाळे प्यावे, केळे-संत्रे सोलून खावे. फळांचे महत्त्व दर्यावर्दी लोकांनी फार सोसून ओळखले. पूर्वी महिनोन्‌महिने समुद्रावर राहणाऱ्या खलाशांच्या हिरड्या सुजून रक्त येई आणि माणसे मरत. जेम्स लिंड नावाच्या डॉक्टरने १७४७ साली बारा आजारी खलाशांवर निरनिराळे उपाय करून पाहिले. ज्या दोघांना संत्री-लिंबे दिली ते सर्वांत आधी सुधारले. आपल्या दोन रात्रींच्या प्रवासात तो आजार होण्याचे भय नाही. पण ताटातले लिंबू टाकून देऊ नये, एवढे मी म्हणेन.

बोटीवर गरम पाण्याचे बुडबुड्यांचे हौद असतात. तरुण मंडळींना त्यांची मौज वाटते. परंतु असे कोमट-गरम पाणी नीट राखले नाही तर त्यात लेजिओनेला नावाचे जंतू वाढतात, आणि त्या पाण्याचे बारीक तुषार श्वासातून आत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. १९७६ साली फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या मेळाव्यात ही साथ प्रथम ओळखली गेली. साठीपुढच्या, दमेकरी व मधुमेही भगिनींनी हौदाकडे लांबूनच पाहिलेले बरे.

उलट्या-जुलाब झालेच तर पहिला उपाय म्हणजे गेलेले पाणी भरून काढणे. क्षार-साखरेच्या पाण्याने किती जीव वाचतात हे जगाला एका भारतीय डॉक्टरने दाखविले. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ होती आणि शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडावाटे पाजण्यास नातेवाइकांनाच शिकविले. शंभरात तीसच्या आसपास मृत्यू होत होते, ते चारच्या खाली आले. २०२२ साली ते वारले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. ओआरएसची पाकिटे औषधाच्या दुकानात मिळतात. प्रत्येकीने चार न्यावीत. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा शीग भरून घेऊ नका. मीठ जास्त झाले तर अपाय होतो. घोट घोट प्यावे. मधुमेही बाईनेही अशा वेळी साखरेला भिऊन पाणी बंद करू नये. मात्र लगेच डॉक्टरांना दाखवावे, नेहमीच्या गोळ्या किती घ्यावयाच्या ते त्यांना विचारावे. मोठ्या बोटीवर दवाखाना व डॉक्टर असतो. पैसे बहुधा वेगळे पडतात, म्हणून प्रवासाचा विमा उतरविताना औषधोपचाराचा खर्च त्यात आहे ना, हे वाचून घ्यावे.

नेहमीची औषधे मोठ्या बॅगेत घालू नका. ती बॅग बंदरावर आपल्या हातून जाते आणि खोलीत उशिरा येते. औषधे, चिठ्ठीची प्रत, चष्मा आणि घरच्या माणसाचा फोन नंबर हे सारे खांद्याच्या पिशवीत हवे. दोन दिवसांचा प्रवास असला तरी पाच दिवसांची औषधे न्या. का, ते सांगते.

फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' ही बोट अडकली. बोटीवर ३,७११ माणसे होती. एका उतरलेल्या प्रवाशाला करोना झाल्याचे कळले, आणि सगळ्यांना दोन आठवडे खोल्यांत कोंडून घ्यावे लागले. शेवटी सातशेहून अधिक लोकांना लागण झाली. त्या बोटीवर १३८ भारतीय होते. त्यांतले प्रवासी फक्त सहा, आणि १३२ जण नोकरी करणारे. प्रवासी खोल्यांत बसले, पण त्यांच्या दाराशी ताटे पोचविणारी ही मुले कामच करीत होती आणि दाटीच्या खोल्यांत एकत्र झोपत होती. २७ फेब्रुवारीला ११९ भारतीय विमानाने दिल्लीला आले. लागण झालेले काही मागेच राहिले. आपल्याकडेही जानेवारी २०२२ मध्ये मुंबईहून गोव्याला गेलेल्या बोटीवर एका कर्मचाऱ्याला करोना निघाला, सर्वांची तपासणी झाली, ६६ जण बाधित निघाले आणि बोट मुंबईला परत आणावी लागली. नववर्षाच्या सहलीला गेलेली माणसे ती! म्हणून पाच दिवसांची औषधे.

हे मी तुम्हांला घाबरविण्यासाठी सांगत नाही. एकाचा आजार हा बोटीवर एकट्याचा राहत नाही, एवढेच यातून घ्यावयाचे. माझा भाचा सांगतो, "मावशी, आम्हांला आजाराची भीती वाटत नाही. लपविलेल्या आजाराची वाटते." बोटीत चढण्यापूर्वी एक कागद भरून घेतात: ताप आहे का, उलट्या-जुलाब झाले का, खोकला आहे का. त्यावर माणसे डोळे मिटून 'नाही' लिहितात. रात्रीपासून जुलाब होत असले तरी गोळी गिळून रांगेत उभी राहतात. मग त्यांच्या खोलीची चादर बदलणारा, त्यांचे उष्टे ताट उचलणारा मुलगा आजारी पडतो. तो मुलगा कोण? आपल्या कल्याण-डोंबिवलीतला, ठाण्यातला, कोकणातला, गोव्याचा. घरापासून महिनोन्‌महिने दूर राहून आईला पैसे पाठविणारा. या सभागृहात अशा मुलांच्या दोन आया तरी बसल्या आहेत, हे मला ठाऊक आहे.

आणखी एक बायकांची गोष्ट. खोलीत उलटी झाली की आपल्याला लाज वाटते. कोणाला कळू नये म्हणून आपणच टॉवेलने पुसतो, तो टॉवेल बादलीत पिळतो. घरी हे चालून जात असेल, तिथे करू नये. ताबडतोब कळवावे. त्यांच्याकडे हातमोजे असतात, जंतू मारणारे तीव्र औषध असते. आपण नुसते पुसले की जंतू खोलीभर पसरतात. आजारी बाईने खोलीत थांबावे. उलट्या-जुलाब थांबल्यावरही निदान दोन दिवस इतरांत मिसळू नये. आणि परत आल्यावर? बरे वाटू लागले तरी दोन दिवस स्वयंपाकाला हात लावू नये, कारण बरे झाल्यावरही हा विषाणू अंगातून बाहेर पडत असतो. घरच्या मंडळींनी दोन दिवस पिठले-भात करून खावा. काही बिघडत नाही. हे वाक्य स्मरणिकेत ठळक छापावे, अशी चिटणीसबाईंना माझी विनंती आहे. म्हणजे ते घरोघरी पुरुषमंडळींच्याही वाचनात येईल.

आता मुख्य गोष्टीकडे येते. आजार माणसे का लपवितात? वाईट असतात म्हणून नव्हे. पैसे भरलेले असतात म्हणून. आपल्यांतल्या कितीतरी जणींनी या सहलीसाठी वर्षभर भिशी लावली आहे. कोणी शिवणाचे पैसे साठविले, कोणी पोळीभाजीचे डबे करून जमविले. काही जणी तर लग्नानंतर पहिल्यांदाच स्वतःच्या हौसेने कुठे निघाल्या आहेत. अशा बाईला निघण्याच्या दिवशी सकाळी ताप आला, तर ती काय करील? आपण तिला उपदेश करू, "बाई गं, खरे सांग, घरी थांब." पण तिचे पैसे बुडणार आणि हौसही बुडणार. तिने खरे सांगावे असे वाटत असेल, तर खरे सांगणे तिला परवडले पाहिजे.

म्हणून माझी या सभेला एक सूचना आहे. जाणाऱ्या तीसही जणींनी तिकिटाखेरीज प्रत्येकी तीनशे रुपये काढावेत. नऊ हजार होतील. ज्या भगिनीला आजारामुळे ऐन वेळी थांबावे लागेल, तिला ते द्यावेत. पूर्ण पैसे भरून निघणार नाहीत, पण तिच्या भिशीचा बराचसा भाग वाचेल. दोघी आजारी पडल्या तर निम्मे निम्मे. कोणीच आजारी पडली नाही, तर ज्याचे त्याला परत. शिवाय डॉक्टरांचा दाखला दिल्यास किती रक्कम परत मिळते, हे सहल ठरविणाऱ्या कचेरीकडून आजच लेखी मागून घ्यावे. तोंडी शब्दावर राहू नये. आणि जी थांबेल तिच्याकडे, "हिच्यामुळे आमच्या खोलीत एक जागा रिकामी राहिली," असे म्हणत कोणी पाहू नये. उलट तिने उरलेल्या एकोणतीस जणींना सांभाळले, असे मानावे. पुढच्या सहलीत तिचे नाव यादीत पहिले असावे.

जाण्यापूर्वी आठ दिवस प्रत्येकीने आपल्या डॉक्टरांकडे एकदा जाऊन यावे. साठीपुढच्यांनी फ्लूची लस घ्यावी का, तेही विचारावे. दोन-दोन जणींची जोडी करावी. जोडीदारणीची औषधे कोणती नि कुठे ठेवली आहेत, हे दुसरीला ठाऊक असावे. एवढे केले की मग खुशाल गाणी म्हणा, फुगड्या घाला, समुद्रावरचा सूर्योदय पाहा. मी पाहिला आहे. त्याचे वर्णन करण्याइतके शब्द माझ्यापाशी नाहीत. तुम्ही जाऊन पाहावा.

मी सुचविलेल्या तीनशे रुपयांचा विचार आजच, सभा संपण्यापूर्वी व्हावा, अशी अध्यक्षबाईंना विनंती करून आणि माझ्या वाट्याचे तीनशे रुपये खजिनदारबाईंच्या हाती देऊन मी माझे भाषण संपविते.